प्रयोगशील फिल्म आणि व्हिडिओ आर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ आर्टचं प्रदर्शन बघून गोंधळलेले, फिल्म क्लबमध्ये एखादी विचित्र फिल्म पाहून वैतागलेले आणि स्वतःच काहीतरी करू पाहणारे, अशा तीन तऱ्हेच्या लोकांकडून प्रश्न येतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत, वैतागासकट. सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. प्रयोगशील फिल्म म्हणजे नक्की काय? गोष्ट नसली की झाली का प्रयोगशील?

नाही. गोष्ट असू शकते. माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड यांची ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ (१९४३) चौदा मिनिटांची आहे. एक बाई घरी येते, हातातली किल्ली पायऱ्यांवर पडते, ती खुर्चीत झोपी जाते आणि स्वप्नात तेच घर, तीच किल्ली, तोच जिना पुन्हा पुन्हा येत राहतो. झाली गोष्ट सांगून. पण एवढं वाचून तुमच्या हाती फिल्म लागली का? अजिबात नाही. माझ्यापुरती कसोटी हीच आहे. नेहमीचा चित्रपट तोंडी सांगितला तरी त्यातलं बरंच काही ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं, इथे जवळजवळ काहीच पोचत नाही. चित्र किती वेळ टिकलं, कुठे कापलं, आवाज कधी आला, फिल्मची पट्टी कशी दिसते, हाच इथे ऐवज असतो. झिगा व्हर्टोव्हच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) मध्ये तर फिल्मची संकलक एलिझावेता स्विलोवा टेबलावर तीच फिल्म कापताना पडद्यावर दिसते.

दुसरी खूण पैशाची. या फिल्म बहुतेक एकट्यादुकट्याने, हाताशी असेल त्या साधनांनी केलेल्या असतात. १६ एमएम रुंदीच्या फिल्मचं शंभर फुटांचं रीळ सेकंदाला चोवीस फ्रेमच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतं. इतक्या मापातच विचार करायचा म्हटल्यावर फिल्म आखूड आणि दाट होते.

२. मग व्हिडिओ आर्ट वेगळी का मानतात? दोन्हीकडे चित्रच हलतंय ना?

हलतंय, पण घराणी वेगळी आहेत. प्रयोगशील फिल्म सिनेमाच्या अंधारातून आली, व्हिडिओ आर्ट टीव्हीच्या खोक्यातून. सोलमध्ये जन्मलेला नाम जून पाइक संगीत शिकायला जर्मनीत गेला आणि १९६३ साली वुपरटाल शहरातल्या एका गॅलरीत त्याने बिघडवलेले, आडवे-उलटे टाकलेले टीव्ही संच मांडले. साठच्या दशकाच्या अखेरीस सोनीचा खांद्यावर घेऊन फिरता येणारा पोर्टापॅक हा व्हिडिओ कॅमेरा-संच बाजारात आला. फिल्म धुऊन येईपर्यंत वाट पाहावी लागे, व्हिडिओत काढलेलं तिथल्या तिथे दिसू लागलं. कलाकार स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर बसवून, समोरच्या पडद्यावर स्वतःला बघत काम करू लागले. पाइकच्या ‘टीव्ही बुद्ध’ (१९७४) मध्ये बुद्धाची मूर्ती समोरच्या टीव्हीवर आपलंच थेट चित्र बघत बसलेली असते. फिल्ममध्ये हे करताच आलं नसतं.

आज दोन्ही डिजिटल झाल्यामुळे साधनांचा फरक मिटत आला आहे. उरला आहे तो कुठे दाखवतात (प्रश्न ९) आणि कसं विकतात (प्रश्न १४) याचा फरक.

३. समांतर सिनेमा म्हणजेच हे ना?

शेजारी आहेत, एक नव्हेत. समांतर सिनेमातल्या बऱ्याच चित्रपटांनी विषय बदलला, पण गोष्ट सांगण्याची वाट वास्तववादीच ठेवली. मणी कौल आणि कुमार शहानी या दिग्दर्शकांनी ती वाटच सोडली. १९६९ साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशांतून ‘भुवन शोम’ही आला आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ही. पहिला लोकांना आवडला, दुसऱ्यावरून भांडणं झाली. मणी कौल पुढे झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले आणि १९८२ मध्ये त्यांनी ‘ध्रुपद’ ही फिल्म केली. सुरांच्या बढतीबद्दल त्यांनी जे ऐकलं, शिकलं, ते त्यांच्या शॉटच्या लांबीत दिसतं.

४. सुरुवात कुठून करू? एकदम जड नको.

मार्था रॉसलरची ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’ (१९७५) आधी बघा. सहा-सात मिनिटं, एकच कॅमेरा, हललेला नाही. टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमासारखी एक बाई ओट्यामागे उभी आहे आणि इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलून तिचं नाव सांगते. आधी एप्रन, मग वाडगा, मग चॉपर. वस्तू कशी वापरायची तेही दाखवते, पण त्या दाखवण्यात हळूहळू राग चढत जातो. पळीने न दिसणारी आमटी उचलते आणि बाजूला भिरकावते. शेवटच्या अक्षरांपाशी वस्तू संपतात. मग ती हातात सुरी-काटा धरून स्वतःच्या अंगानेच अक्षरं काढते, आणि शेवटचं अक्षर हवेत सुरी फिरवून. चेहऱ्यावर रेषा हलत नाही. घरातल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर ख्रिस मार्करची ‘ला जेते’ (१९६२). अठ्ठावीस मिनिटं स्थिर छायाचित्रं आणि निवेदन. एका क्षणी, फक्त काही सेकंद, चित्र हलतं. कुठे ते सांगत नाही. मग प्रमोद पतींची ‘एक्सप्लोरर’ (१९६८, प्रश्न ११ पाहा). ‘एम्पायर’ने (प्रश्न ६) सुरुवात करू नका, उगाच वैर धराल.

५. दोनदा पाहिली, काहीही कळलं नाही. दोष माझा की फिल्मचा?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ‘अर्थ काय’ हा प्रश्न तासाभरासाठी बाजूला ठेवा आणि त्याऐवजी दोनच गोष्टी विचारा : हे कशानं बनलं आहे, आणि वेळ जातो तसं त्यात काय बदलतं?

मायकल स्नोची ‘वेव्हलेंग्थ’ (१९६७) घ्या. न्यूयॉर्कमधली एक मोठी, रिकामीशी खोली. कॅमेरा एका टोकाला. पंचेचाळीस मिनिटांत झूम समोरच्या भिंतीकडे सरकत जातो, सोबत एक विजेरी सूर खालून वर चढत राहतो. मध्येच एक माणूस आत येतो आणि कोसळतो. आपल्याला वाटतं, चला, गोष्ट सुरू झाली. पण झूम थांबत नाही. तो माणूस चौकटीच्या खाली राहून जातो आणि कॅमेरा त्याच्यावरून पुढे निघून जातो. नंतर एक बाई येऊन फोनवर सांगते की इथे कुणीतरी मरून पडलंय. तरीही झूम आपला चाललेलाच. शेवटी भिंतीवर चिकटवलेला समुद्राच्या लाटांचा फोटो संपूर्ण पडदा व्यापतो. यात ‘अर्थ’ शोधणाऱ्याला खून हवा असतो. झूम बघत बसणाऱ्याला मात्र कळतं की आपण किती सहज गोष्टीमागे धावतो, आणि ही फिल्म आपल्याला तसं धावू देत नाही.

ख्यालाच्या मैफलीत बंदिशीचे शब्द दोन ओळींचे असतात आणि तिथे कुणी ‘अर्थ काय’ म्हणून अडून बसत नाही, तासभर ऐकतो. ती सवय इथे उपयोगी पडते.

आणि हो, दोष फिल्मचाही असू शकतो. भिंतीवरचा माहितीफलक कामापेक्षा लांब आणि कामापेक्षा रंजक असेल, तर बहुधा कामात दम नाही. या क्षेत्रात आळशी काम भरपूर आहे. ते नावडलं तर अपराधी वाटून घेऊ नका.

६. आठ तास एकच इमारत दाखवणारी फिल्म खरंच आहे? ती पूर्ण कुणी बघतं का?

आहे. अँडी वॉरहॉलची ‘एम्पायर’. १९६४ च्या जुलैमधल्या एका रात्री टाइम-लाइफ इमारतीतून एम्पायर स्टेट बिल्डिंगवर कॅमेरा रोखला होता. कॅमेऱ्यामागे होता योनास मेकास, लिथुएनियाहून निर्वासित म्हणून आलेला कवी. पुढे यानेच प्रयोगशील फिल्मसाठी अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्ज ही संस्था १९७० मध्ये उभी केली. चित्रण चोवीस फ्रेमच्या वेगाने झालं. दाखवायची मात्र सोळाच्या वेगाने, म्हणून ती आठ तासांवर जाते. संधिप्रकाश जातो, इमारतीचे दिवे लागतात, पुढे मालवतात. घडामोड म्हणाल तर एवढीच.

पूर्ण बघणारे असतात, थोडे. पण पूर्ण बघितली तरच कळते अशी ती नाही. याउलट शांताल आकरमनची ‘जान दिएलमान’ (१९७५, २०१ मिनिटं) मधूनच सोडली तर काहीच हाती लागत नाही. त्यात बाई बटाटे सोलते, पलंग आवरते, भांडी घासते, आणि दुसऱ्या दिवशी त्या क्रमात एक बारीकशी चूक होते. पहिला दिवस पुरता अंगात मुरल्याशिवाय ती चूक दिसतच नाही. ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या २०२२ च्या समीक्षक-मतदानात हीच फिल्म पहिली आली. दोन्ही लांबलचक असल्या तरी दोन्हींची मागणी वेगळी आहे.

७. कॅमेरा न वापरता फिल्म कशी करतात?

पट्टीवरच काम करतात. अमेरिकेतल्या स्टॅन ब्रॅखेजकडे १९६३ साली फिल्म विकत घ्यायला पैसे नव्हते. दिव्यांपाशी मरून पडलेले पतंग त्याने गोळा केले. त्यांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती आणि पानांचे तुकडे १६ एमएमच्या दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबले आणि प्रयोगशाळेतून त्याची प्रिंट काढून घेतली. ही ‘मॉथलाइट’. चार मिनिटांच्या आत संपते, आवाज नाही. पंख एका फ्रेमपेक्षा लांब असल्यामुळे एकच पंख अनेक फ्रेमवर पसरतो. पडद्यावर शिरा, काळपट कडा, तपकिरी पूड असं काहीतरी भरभर वर-खाली होत राहतं आणि एखाद्या क्षणी अख्खं पान ओळखू येतं. तोवर ते गेलेलंही असतं.

लेन लाय हा न्यूझीलंडचा. त्याने १९३५ मध्ये लंडनला ‘अ कलर बॉक्स’ थेट फिल्मवर रंगवली. तिची गंमत प्रश्न १३ मध्ये आहे. नॉर्मन मॅकलरेनने कॅनडात तेच तंत्र पुढे नेलं. पीटर कुबेल्का हा ऑस्ट्रियन सगळ्यांत कडक : त्याच्या ‘आर्नुल्फ रायनर’ (१९६०) मध्ये फक्त पूर्ण काळ्या आणि पूर्ण पारदर्शक फ्रेम आहेत, एकूण ९,२१६, आणि आवाज एक तर आहे किंवा नाही. सहा मिनिटं चोवीस सेकंद.

८. अशा लुकलुकणाऱ्या फिल्मने त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. प्रकाशाच्या लुकलुकीने फिट येणारे लोक असतात. टोनी कॉनराडच्या ‘द फ्लिकर’ (१९६६) च्या सुरुवातीलाच तशी सूचना आहे. तुम्हाला किंवा घरात कुणाला अपस्माराचा त्रास असेल तर या प्रकारच्या फिल्म टाळाच. इतरांना डोकेदुखी झाली तर डोळे मिटून उपयोग नाही, पापण्यांतूनही लुकलुक जाणवते. उठून बाहेर या. आयोजक असाल तर दारावर ठळक पाटी लावा, तोंडी सांगून भागत नाही.

९. गॅलरीत काळा पडदा सारून आत गेलो तर फिल्म मध्यावर होती. थांबायचं किती? मधूनच उठणं उद्धटपणाचं दिसतं का?

अजिबात नाही. बहुतेक कामं लूपमध्ये चालतात, म्हणजे संपली की पुन्हा सुरू. आत जाण्याआधी दाराजवळच्या फलकावर कालावधी बघा. दहा मिनिटं असेल तर जिथून शिरलात तिथपर्यंत पुन्हा येईस्तोवर बसा. चाळीस मिनिटं असेल आणि सुरुवातीची वेळ लिहिली असेल तर त्या वेळी परत या. अंधाराला डोळे सरावेपर्यंत भिंतीला धरून उभं राहा, बाकावर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. हेडफोन लटकवलेला असेल तर तो लावण्यासाठीच आहे. आवाजाशिवाय बघून ‘रटाळ’ म्हणणारे खूप भेटतात.

ख्रिश्चन मार्क्लेचं ‘द क्लॉक’ (२०१०) हे काम तर चोवीस तासांचं आहे. चित्रपटांतले घड्याळं दिसणारे हजारो तुकडे जोडून ते असं बसवलं आहे की पडद्यावरची वेळ आणि तुमच्या मनगटावरची वेळ कायम एकच. तिथे ‘मध्येच आलो’ हा प्रकारच नाही. सव्वाचारला गेलात की सव्वाचार वाजलेले.

१०. एकाच कामाला दोन, आठ पडदे कशाला लागतात? एकावर संपादित करता आलं नसतं?

कधीकधी आलं असतं, आणि तेव्हा जास्तीचे पडदे निव्वळ थाट असतो. पण इराणमध्ये जन्मलेल्या शिरीन नेशातच्या ‘टर्ब्युलंट’ (१९९८) मध्ये ते शक्य नाही. समोरासमोरच्या दोन भिंती, दोन कृष्णधवल चित्रं, मध्ये तुम्ही. एकीकडे पांढऱ्या शर्टातला पुरुष पांढऱ्या शर्टातल्या पुरुषांनी भरलेल्या सभागृहात पारंपरिक गाणं गातो. त्याची पाठ श्रोत्यांकडे आहे. दुसरीकडे काळ्या चादरीतली बाई रिकाम्या खुर्च्यांसमोर पाठमोरी उभी. त्याचं गाणं संपतं, टाळ्या पडतात. मग ती सुरू करते. शब्द नाहीत, नुसता गळा, कधी घोगरा, कधी किंचाळीपर्यंत जाणारा, आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरू लागतो. पलीकडच्या भिंतीवरचा पुरुष आ वासून बघत राहतो. इराणमध्ये बाईला पुरुषांसमोर जाहीरपणे एकटीने गायला बंदी आहे, हे माहीत असलं तर खोली रिकामी का ते उमगतं. पण खरी गोष्ट अशी की तुम्हाला दोन्ही भिंती एकदम दिसत नाहीत. कुणाकडे बघायचं आणि कुणाकडे पाठ करायची, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

अमर कंवर यांच्या ‘द लाइटनिंग टेस्टिमनीज’ (२००७) मध्ये आठ पडदे आहेत आणि विषय भारतीय उपखंडात स्त्रियांवर झालेले लैंगिक अत्याचार. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या काळांतल्या साक्षी एकाच खोलीत एकाच वेळी चालू असतात.

११. हे सगळं युरोप-अमेरिकेचं फॅड नाही का? आपल्याकडे कुणी केलंय?

मुंबईत १९६९ सालीच केलंय. चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केला. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकत्र, १६ एमएमचा कॅमेरा वापरायला खुला. पदमसींनी तिथे ‘सिझिजी’ केली : अकरा-बारा मिनिटं, मूक, फक्त बिंदू आणि रेषांच्या रचना एका गणिती क्रमाने उलगडत जातात. दुसरी फिल्म ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. तिची एकुलती एक प्रिंट प्रदर्शनासाठी दिल्लीला पाठवली आणि ती परत आलीच नाही. आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन २०१६ मध्ये त्या हरवलेल्या फिल्मवर फिल्म केली. त्याच वर्कशॉपमध्ये तरुण नलिनी मलानी यांनी आपल्या पहिल्या फिल्म केल्या आणि पुढे व्हिडिओ आणि छायांच्या खेळात जगभर नाव कमावलं.

त्याच वर्षांत पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनमध्ये, म्हणजे चक्क सरकारी खात्यात, वेगळीच खळबळ चालली होती. चेकोस्लोव्हाकियात अ‍ॅनिमेशन शिकून आलेले प्रमोद पती ‘एक्सप्लोरर’मध्ये नाचणारी तरुणाई, प्रयोगशाळा, मंत्र आणि आकडे यांची अशी काही झोड उठवतात की आजही दचकायला होतं. ‘अबिद’ (१९७२) मध्ये त्यांनी चित्रकार अबिद सुरतींना एका खोलीत रंगांसह सोडलं आणि फ्रेम-फ्रेम करून ते चित्रित केलं. चित्रकार हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला (१९६७) बर्लिनमध्ये लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. चित्रकार तैयब मेहता यांनी ‘कूडल’ (१९७०) साठी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केलं. तेव्हा चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणं सक्तीचं होतं. म्हणजे यातल्या काही फिल्म राजेश खन्नाची वाट बघत बसलेल्या पब्लिकने शेंगदाणे खात पाहिल्या आहेत. न्यूयॉर्कच्या कुठल्या प्रयोगवीराला एवढा प्रेक्षक मिळाला?

१२. मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि ते पुण्यातूनच निघालं. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६). नाटक नव्हे, फिल्म. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली. दिग्दर्शक चार : मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. पटकथा विजय तेंडुलकरांची, ओम पुरी घाशीरामच्या भूमिकेत. नाटकाचं चित्रण समजून बघायला बसाल तर अपेक्षाभंग होईल. फिल्म इतिहासाकडे, पेशवाईच्या कागदपत्रांकडे आणि लांब शॉटकडे वळलेली आहे. तिची प्रिंट बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत टिकून राहिली आणि डिजिटल आवृत्तीही तिथेच झाली.

आणखी मागे जायचं तर खुद्द दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, पैसे लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोपटं होईपर्यंत एकेक फ्रेम घेतली. बी मिनिटाभरात वेल होते. त्यांनी त्याला प्रयोगशील फिल्म म्हटलं नव्हतं, पण पहिल्या प्रश्नातल्या कसोटीवर ती पूर्ण उतरते.

१३. जाहिरात किंवा सरकारी प्रचारपटही प्रयोगशील असू शकतो?

असू शकतो, आणि नियमाला धक्का देणारी उदाहरणं इथेच जास्त सापडतात. लेन लायची ‘अ कलर बॉक्स’ ब्रिटिश टपाल खात्यासाठी होती. क्युबन संगीतावर नाचणारे रंग आणि शेवटी पार्सलचे दर कमी झाल्याची घोषणा! पतींची ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८) कुटुंब नियोजनाची आहे. पैसा कुणाचा यावरून ठरत नाही. दिलेल्या कामाआडून करणाऱ्याने काय साधून घेतलं ते बघायचं. उलट, ‘एक्सपरिमेंटल’ असं बिरुद लावलेल्या कित्येक फिल्म अत्तराच्या जाहिरातीपेक्षा वेगळ्या नसतात.

१४. व्हिडिओ विकत कोण घेतं? पेनड्राइव्हवर कॉपी होते की!

होते. म्हणून टंचाई कराराने तयार करतात. कलाकार जाहीर करतो की या कामाच्या तीन किंवा पाच प्रतीच विकल्या जातील, शिवाय एखाद-दोन स्वतःकडे. विकत घेणाऱ्याला फाईलबरोबर सही केलेलं प्रमाणपत्र आणि कसं दाखवायचं याच्या लेखी सूचना मिळतात. खरी मालमत्ता तो कागद. ‘द क्लॉक’च्या सहाच प्रती निघाल्या. बहुतेक संग्रहालयांनी घेतल्या.

फिल्मवाल्यांना हा प्रकार कधीच रुचला नाही. त्यांच्याकडे सहकारी पद्धत : न्यूयॉर्कची फिल्म-मेकर्स कोऑपरेटिव्ह, सॅन फ्रान्सिस्कोची कॅन्यन सिनेमा, लंडनची लक्स या संस्था प्रिंट किंवा फाईल भाड्याने देतात आणि भाड्याचा वाटा फिल्म करणाऱ्याला जातो. माझा कल उघडच दुसऱ्या पद्धतीकडे आहे, पण पोट भरतं ते पहिल्या पद्धतीने, हेही तितकंच खरं.

१५. जुन्या टीव्हीवर दाखवायचं काम असेल आणि टीव्हीच जळला तर?

मग संग्रहालयात मोठी भांडणं होतात. पाइकचा ‘द मोअर, द बेटर’ (१९८८) हा सोलजवळच्या ग्वाचॉनच्या संग्रहालयातला मनोरा १,००३ टीव्हींचा आहे. आकडा कोरियाच्या राष्ट्रस्थापनादिनावरून, ३ ऑक्टोबर. संच म्हातारे झाले, २०१८ मध्ये धोका नको म्हणून मनोरा बंद केला. जुन्या काचेच्या नळ्यांचे टीव्ही आता कुणी बनवत नाही. सपाट पडदे लावून मोकळं व्हावं, की मूळ संच शोधत बसावं, की बंदच ठेवावं? शेवटी शक्य तेवढे मूळ संच दुरुस्त केले, जिथे मिळालेच नाहीत तिथे जुन्या खोक्यात एलसीडी बसवले आणि २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. घरच्या घरी करणाऱ्यांसाठी धडा एकच : काम करतानाच लिहून ठेवा की टीव्हीचं खोकं हे कामाचा भाग आहे की नुसतं साधन.

१६. हे सगळं बघायचं कुठे? यूट्यूबवर चालेल का?

काही कामांना चालेल. फिल्म्स डिव्हिजनच्या (आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) बऱ्याच फिल्म त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर आहेत. मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलाकारगटाने मित्रसंस्थांसह उभारलेली पॅड.मा आणि इंडियनसिने.मा ही संकेतस्थळं तर खजिना आहेत. उबूवेब हे संकेतस्थळ १९९६ पासून जगभरच्या फिल्म फुकट दाखवतं, बहुतेक वेळा कुणाला न विचारता. चित्र खराब असतं, पण ओळख व्हायला पुरतं.

‘मॉथलाइट’ किंवा ‘आर्नुल्फ रायनर’ लॅपटॉपवर बघून मत बनवू नका. एकेका फ्रेमचं काम दाबलेल्या फाईलमध्ये मरतं. अनेक पडद्यांच्या कामांचं तर नुसतं टिपण दिसतं. त्यासाठी प्रवास करावा लागतो : डिसेंबरात पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव, कोचीची बिएनाले, बंगळूरचा एक्सपेरिमेंटा हा प्रयोगशील फिल्मचा महोत्सव. पुण्यात राहत असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

१७. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. खरी फिल्म किंवा सुपर ८ लागेलच का?

नाही. ‘कॅम्प’ची ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ (२०१३) बघा. कच्छ, सिंध, बलुचिस्तान, दक्षिण इराण इथले खलाशी लाकडी जहाजांतून बकऱ्या, गाड्या, कोळसा, काय वाटेल ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेतात. प्रवासात त्यांनी मोबाईलवर काढलेली आणि एकमेकांना ब्लूटूथने पाठवलेली चित्रं, वर स्वतःच निवडलेली गाणी. या मालमसाल्यातून दीड तासाच्या आतली फिल्म झाली आहे. चित्राचे चौकोन फुटलेले दिसतात, आणि त्यावरूनच तो फोन कोणत्या काळातला ते कळतं.

सुपर ८, म्हणजे घरगुती वापराची ८ एमएम फिल्म, हवीच असेल तर एक हिशोब : पन्नास फुटांचं काडतूस (फिल्मची डबी) सेकंदाला अठरा फ्रेमच्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद चालतं. धुण्याचा आणि स्कॅनिंगचा खर्च आधी विचारून घ्या. मोबाईलमधल्या फिल्टरने पाडलेले ओरखडे मात्र कृपया नकोत.

१८. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांचे तुकडे जोडून फिल्म करायची आहे. कायद्याने चालतं का?

परंपरा जुनी आहे. ब्रूस कॉनरने ‘अ मूव्ही’ (१९५८) बातमीपट आणि दुय्यम चित्रपटांच्या तुकड्यांतूनच केली. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. ते उलटल्यावर चित्र मोकळं. अडचण गाण्यांची. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, त्यामुळे चित्रपट मोकळा पण त्यातलं गाणं बांधलेलं, असं सर्रास होतं. साठ वर्षांच्या आतलं वापरायचं तर टीका-समीक्षेसाठी वाजवी वापराची सवलत आहे, पण तिची मर्यादा कोर्ट प्रकरणागणिक ठरवतं. फिल्म विकायची किंवा मोठ्या महोत्सवाला पाठवायची असेल तर वकिलाला विचारा. मित्रमंडळीत दाखवायची असेल तर आधी फिल्म तरी पूर्ण करा.

१९. पुढे मोठा पुरस्कार मिळवणारा दिग्दर्शक या कंपूतून बाहेर जातो का?

कंपू वगैरे काही नसतो. स्टीव्ह मॅक्वीनला १९९९ मध्ये व्हिडिओ कामांसाठी टर्नर पारितोषिक मिळालं आणि २०१४ मध्ये ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. थायलंडचा अपिचातपोंग वीरासेथाकुन याच्या ज्या फिल्मला २०१० मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ती त्याच्याच एका व्हिडिओ मांडणीच्या प्रकल्पातली आहे. पायल कपाडियांचा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री घेऊन आला. त्यात मुंबईचा पाऊस आणि रत्नागिरीचा किनारा आहे. पण त्याआधीची ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ (२०२१), पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधल्या आंदोलनाच्या काळातली पत्रं आणि खरखरीत चित्रं यांची, मला जास्त धाडसी वाटते. प्रश्न ११ मधल्या नलिनी मलानी या त्यांच्या आई.

२०. फिल्म झाली. पाठवू कुठे, कशी?

लघुपटांसाठी जर्मनीचा ओबरहाउजेन (१९५४ पासून), नवीन तऱ्हेच्या कामासाठी रॉटरडॅम, आपल्याकडे एक्सपेरिमेंटा आणि मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. शुल्क मागणाऱ्या अनोळखी ऑनलाइन ‘महोत्सवां’पासून लांब राहा. कुठेच पडदा नसतो, नुसतं ईमेलने प्रमाणपत्र येतं. संवाद मराठीत असतील तर इंग्रजी सबटायटल एखाद्या नीट जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. प्रदर्शनासाठी देताना लूपची फाईल वेगळी करा, श्रेयनामावली त्यातून काढून फलकावर द्या, आणि आवाज हेडफोनमध्ये हवा की खोलीभर, पडदा किती रुंद, खोली किती अंधारी, हे एका पानावर लिहून फाईलसोबत जोडा. नाहीतर तुमचं काम खिडकीसमोरच्या टीव्हीवर, आवाज बंद करून लावलेलं सापडेल.